मोठे टायर, उंच गाडी : मिळते किती, जाते किती?

पावसाळा तोंडावर आला की फोर बाय फोर गाड्यांची हौस असलेल्यांच्या बोलण्यात दोन शब्द हमखास येतात : ‘मोठे टायर’ आणि ‘लिफ्ट किट’. थार, जिम्नी, गुरखा किंवा जुनी महिंद्र जीप घेतली, की पहिल्याच पावसात तिच्या उंचीविषयी असमाधान सुरू होते. सत्तरीतील एखाद्या पाणंदीत चाक रुतते, सांग्याकडच्या कच्च्या रस्त्यावर दगडाला पोट घासते, आणि गाडी आणखी दोन इंच उंच असती तर हे झाले नसते, असे वाटू लागते. गाडीची सजावट विकणाऱ्या दुकानांत आणि समाजमाध्यमांवर त्या दोन इंचांचे उत्तर तयारच असते. गाडी एका दिवसात उंच होते. तिची छायाचित्रेही उत्तम येतात.

त्या उंचीने नेमके काय मिळते आणि त्याबदल्यात काय द्यावे लागते, हा हिशेब मात्र बहुधा बिल भरल्यानंतर सुरू होतो. तो आधी मांडणे अवघड नाही. त्यासाठी शाळेतले गणित पुरते.

टायरच्या बाजूवर काय लिहिलेले असते?

टायरच्या बाजूवर ‘२४५/७५ आर १६’ अशी अक्षरे असतात. पहिला आकडा म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा म्हणजे टायरच्या भिंतीची उंची, आणि ती रुंदीच्या टक्क्यांत दिलेली असते. शेवटचा आकडा रिमचा व्यास, इंचांत. येथे भिंतीची उंची २४५ च्या ७५ टक्के, म्हणजे सुमारे १८४ मिमी. वरची व खालची भिंत आणि १६ इंचांचे रिम मिळून चाकाचा पूर्ण व्यास सुमारे ७७४ मिमी होतो. २०२० मध्ये आलेल्या तीन दारांच्या थारच्या साध्या प्रकाराला हेच टायर होते. वरच्या प्रकाराला २५५/६५ आर १८ मिळत, त्यांचा व्यास सुमारे ७८९ मिमी.

आता त्याच १६ इंची रिमवर हौशी लोकांचा आवडता ‘तेहतीस इंची’ टायर, म्हणजे २८५/७५ आर १६, चढवला असे धरू. त्याचा व्यास सुमारे ८३४ मिमी भरतो. मूळ टायरपेक्षा तो ६० मिमीने मोठा आहे. परंतु चाकाचा आस मध्यभागी असतो, त्यामुळे व्यास ६० मिमीने वाढला तरी आस ३० मिमीनेच वर जातो. एवढा मोठा, एवढा महाग आणि दिसायला एवढा दांडगा टायर घालून गाडीच्या पोटाखाली मिळाले ते दीड-दोन बोटे. जिम्नीच्या बाबतीत तर हा हिशेब काहीसा विनोदी होतो. तिचे मूळ टायर १९५/८० आर १५. त्यांच्या जागी पुष्कळ जण २१५/७५ आर १५ घालतात. टायर रुंद होतो, गाडी भारदस्त दिसते, आणि जमिनीपासूनची उंची वाढते साधारण ५ मिमी.

हे ५ किंवा ३० मिमी क्षुल्लक आहेत असे मात्र म्हणता येत नाही, कारण गाडीच्या सर्वांत खालच्या भागाला वर नेण्याचा दुसरा सोपा मार्गच नाही. येथेच लिफ्ट किटविषयीचा सर्वांत मोठा गैरसमज आहे.

लिफ्ट किट काय उचलते?

खडबडीत वाटेवर दगडाला पहिल्यांदा टेकतो तो बहुधा आसाच्या मधला लोखंडी गोलाकार भाग, म्हणजे डिफरन्शियल. इंजिनाकडून येणारी शक्ती दोन्ही चाकांत वाटून देणारे दाते त्याच्या पोटात असतात. जिम्नीला पुढे आणि मागे, थारला मागच्या बाजूला अखंड आस आहे. अखंड आस चाकांना थेट जोडलेला असतो आणि स्प्रिंग त्याच्या वर बसते. लिफ्ट किट म्हणजे अधिक लांब स्प्रिंगा, किंवा मूळ स्प्रिंगांच्या डोक्यावर ठेवलेले ठोकळे. त्याने चासी व बॉडी वर जातात. आस आणि त्यातले डिफरन्शियल पूर्वी होते तेथेच राहतात. दोन इंचांचे किट बसवून त्याच दगडावरून गेले, तर डिफरन्शियल त्याच दगडाला त्याच जागी लागते. फक्त चालक आता दोन इंच अधिक उंचीवर बसलेला असतो.

मग किटचा उपयोग काय? दोन आहेत, आणि दोन्ही खरे आहेत. एक, चाकाच्या कमानीत जागा होते. मोठा टायर मूळ गाडीत बसवला आणि चाक पूर्ण वळवले किंवा खड्ड्यात दाबले गेले, तर ते मडगार्डला किंवा चासीला घासते; किटमुळे ते घासत नाही. दुसरा उपयोग कोनांचा. समोर उभा चढ आला तर पुढचा बंपर आधी टेकतो, उतरताना मागचा, आणि उंचवट्यावरून जाताना दोन चाकांच्या मधले पोट. चासी वर गेली की हे तिन्ही कोन सुधारतात. थारच्या पुढच्या बाजूला अखंड आस नाही. तेथे प्रत्येक चाक स्वतंत्र दांड्यांवर आहे आणि डिफरन्शियल चासीला जोडलेले आहे, म्हणून किटने तेही वर जाते. मागचे मात्र जागचे हलत नाही.

दुसरा एक स्वस्त प्रकार आहे तो बॉडी लिफ्टचा. चासी आणि बॉडी यांच्यामध्ये ठोकळे घालून केवळ बॉडी वर उचलायची. टायरला जागा होते, पण पोट, चासी, बंपरची चौकट आहे तेथेच. शिवाय स्टिअरिंगचा दांडा, ब्रेकच्या नळ्या, गिअरचा दांडा हे सारे बॉडी आणि चासी या दोघांनाही जोडलेले असतात. ते ताणले जातात. अपघातात धक्का सहन करायचा तो चासी व बॉडी यांच्यामधील बोल्टांनी, आणि तेच आता ठोकळ्यांच्या उंचीएवढे लांब झालेले असतात. हौशी लोकांना यातले फारसे कोणी सांगत नाही.

जुन्या जीपगाड्यांची गोष्ट निराळी. त्यांना पाट्यांच्या स्प्रिंगा असतात, आणि त्यात एक-दोन पाटे वाढवणे किंवा आसाखाली असलेले पाटे आसाच्या वर घेणे हे उद्योग आपल्याकडे कित्येक दशके चालत आले आहेत. पाटे वर घेतले की गाडी एका झटक्यात चार-पाच इंच उंच होते. मात्र जोर लावताच आस पाट्यांना पीळ देतो, पाटे नागमोडी वाकतात, आणि स्टिअरिंगच्या दांड्यांचे कोन पूर्णपणे बिघडतात. निष्णात मिस्त्री हे सर्व पुन्हा जुळवून घेतो. दुर्दैवाने निष्णात मिस्त्री कमी आहेत आणि वेल्डिंग मशिने पुष्कळ.

कोन बिघडला की काय होते?

गाडीच्या सस्पेन्शनची रचना एका ठरावीक उंचीसाठी केलेली असते. ती उंची बदलली, की स्प्रिंगेव्यतिरिक्त इतर डझनभर भागांचे कोन बदलतात. ज्यांनी स्वस्तातले ठोकळे बसवून घेतले, त्यांची पुढील दोन वर्षांतली गॅरेजवारी बहुधा याच कोनांपायी असते.

जिम्नीसारख्या अखंड आसाच्या गाडीत पुढची बाजू उचलली, की आस स्वतःभोवती किंचित फिरतो. ज्या कोनामुळे वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होते, तो कोन त्यामुळे कमी होतो. गाडी महामार्गावर इकडेतिकडे भटकू लागते, चालकाला सतत स्टिअरिंग सांभाळावे लागते. आस आणि चासी यांना आडवी जोडणारी एक कांब असते. चासी वर गेली की ती कांब आसाला एका बाजूला ओढते आणि चाके गाडीच्या मध्यरेषेवरून सरकतात. यावर उपाय आहेत : कोन दुरुस्त करणारे बुश, लांबी कमीजास्त करता येणारी कांब. चांगल्या किटमध्ये ते असतात. स्वस्त किटमध्ये फक्त उंची असते. या सुट्या भागांत ढिलाई राहिली आणि खड्ड्याचा नेमका धक्का बसला, तर पुढची दोन्ही चाके एकाएकी जोरात थरथरू लागतात, आणि गाडी जवळपास थांबेपर्यंत ती थरथर थांबत नाही. ताशी ७० किलोमीटरच्या वेगात ज्याने हा अनुभव घेतला आहे, त्याला त्याचे वर्णन करून सांगावे लागत नाही.

थारच्या पुढच्या भागात प्रश्न वेगळा आहे. तेथे चाकाला शक्ती पोहोचवणारे दांडे दोन्ही टोकांना सांध्यांवर फिरतात. गाडी उचलली की हे दांडे तिरके होतात. सांधा जितका तिरका, तितकी झीज जास्त. त्यावरचे रबरी आवरण सतत मुडपलेल्या अवस्थेत फिरून फाटते. ग्रीस बाहेर येते आणि तांबडी माती आत जाते. त्यानंतर सांधा फार दिवस टिकत नाही. आणखी एक तोटा लगेच लक्षात येत नाही. खडबडीत जागी चाक खाली लोंबण्यासाठी जी मोकळी जागा हवी, ती ठोकळ्याने आधीच खाऊन टाकलेली असते. त्यामुळे उंच केलेल्या गाडीचे चाक खड्ड्यावर मूळ गाडीपेक्षा लवकर हवेत लटकू शकते. ज्या कामासाठी उंची घेतली, तेच काम बिघडते.

या सगळ्यांत एक बाब अशी आहे की जिच्यात हयगय करून चालत नाही. चाकापर्यंत ब्रेकचे तेल नेणारी रबरी नळी मूळ उंचीच्या मापाने दिलेली असते. गाडी उचलल्यावर चाक पूर्ण खाली लोंबले तर ही नळी ताणली जाते. किट बसवून झाल्यावर जॅकवर गाडी उचलून चाके लोंबती ठेवून, आणि स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत वळवून, नळी किती सैल राहते ते पाहिलेच पाहिजे. हे न पाहता गाडी ताब्यात देणारे गॅरेज दुसऱ्यांदा पायरी चढण्याच्या लायकीचे नाही.

गिअर, ब्रेक आणि वेगाचा काटा

मोठ्या टायरची किंमत दुकानात भरल्यावर संपत नाही. ती रोज थोडी थोडी वसूल होत राहते. वर घेतलेल्या उदाहरणात चाकाचा व्यास पावणेआठ टक्क्यांनी वाढला. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात गाडी तेवढी पुढे जाते. याचा परिणाम प्रत्येक गिअर पावणेआठ टक्क्यांनी ‘उंच’ झाल्यासारखा होतो. सायकलच्या मागच्या चाकाला लहान दातेरी चक्र बसवावे तसा. चढावर जोर कमी पडतो, क्लच जास्त घासतो, आणि जेथे अगदी सावकाश रांगत उतरायचे असते तेथे इंजिनाचा धरून ठेवण्याचा गुणही तेवढाच घटतो. थारच्या डिझेल इंजिनाकडे जोर मुबलक असल्याने तिला हे फारसे जाणवत नाही. जिम्नीच्या दीड लिटर पेट्रोल इंजिनाला ते लगेच जाणवते. शास्त्रशुद्ध उपाय म्हणजे डिफरन्शियलमधील क्राऊन-पिनियन बदलून गिअरचे प्रमाण पूर्ववत करणे. तो खर्चिक आहे आणि बहुतेक जण तेथपर्यंत जात नाहीत.

वेगाचा काटाही चाकांच्या फेऱ्या मोजूनच चालतो. तो ६० दाखवत असेल तेव्हा या उदाहरणातील गाडी गणिताने ६४ च्या पुढे असते, आणि ८० दाखवतो तेव्हा ८६ च्या आसपास. कंपन्या काटा मुळातच किंचित जास्त वेग दाखवील असा बसवतात, त्यामुळे यातला थोडा फरक भरून निघतो. सगळा निघेलच असे नाही. उलट, १०० किलोमीटर धावल्यावर मीटरवर ९३ च्या आसपासच उमटतात. त्यामुळे गाडी जास्त इंधन पिऊ लागली अशी तक्रार होते, ती निम्मी खरी असते आणि निम्मी मीटरची असते.

ब्रेकचे मात्र गांभीर्याने घ्यावे लागते. डिस्क तीच, पॅड तेच, पायाचा जोर तोच. पण रबर आणि रस्ता यांचा संपर्क आता आसापासून ३० मिमी अधिक दूर गेला आहे. तेवढ्याच जोराने पॅडल दाबले तर रस्त्यावर पडणारी रोधशक्ती सुमारे सात टक्के कमी होते. त्यात टायर वजनदार. चिखलासाठीच्या दणकट टायरचे वजन मूळ टायरपेक्षा प्रत्येकी काही किलोंनी अधिक असते, आणि फिरणारे वजन थांबवणे हे नुसते वाहिलेले वजन थांबवण्यापेक्षा अवघड. पूर्ण भरलेली गाडी घेऊन चोर्ला घाट उतरताना हा फरक ब्रेकच्या तापण्यातून कळतो.

टायरच्या नक्षीचाही येथे संबंध येतो. चिखलासाठीच्या टायरला मोठमोठी ढेकळे आणि त्यांच्यामध्ये रुंद चर असतात. चिखल त्या चरांतून बाहेर फेकला जातो आणि चाक धरून राहते. पण ओल्या डांबरी रस्त्यावर हेच चर म्हणजे रस्त्याला न टेकलेले रबर. गोव्यात जून ते सप्टेंबर रस्ता ओलाच असतो, आणि सर्वांत हौशी गाडीदेखील आपले बहुतेक आयुष्य पणजी, म्हापसा, फोंडा, मडगाव यांच्या दरम्यानच्या डांबरावरच काढते. चिखलात वर्षातून चार रविवार जाणाऱ्याने उरलेल्या दिवसांचा ब्रेक कमकुवत करून घ्यावा का, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. डांबर आणि माती दोन्हींसाठी असलेले मिश्र नक्षीचे टायर अशा चालकाला पुरेसे असतात.

आणि पाचवे चाक? पुष्कळ जण खर्च वाचवण्यासाठी चारच टायर मोठे घेतात आणि मागच्या दारावर मूळ स्टेपनी ठेवतात. एक दिवस जंगलवाटेवर पंक्चर होते. एक चाक लहान आणि तीन मोठी अशा स्थितीत फोर बाय फोर लावले, तर चाके वेगवेगळ्या गतीने फिरू पाहतात आणि त्यांना जखडून ठेवणारे दाते पिळवटून निघतात. मोठी स्टेपनी घेतली तर तिचे वाढीव वजन मागच्या दाराच्या बिजागऱ्यांवर येते. दोन्ही बाजूंनी खर्च आहेच.

उलटण्याचा हिशेब

गाडी वळणावर उलटेल की नाही, याचा ढोबळ अंदाज देणारे एक सोपे गुणोत्तर आहे, आणि अमेरिकेतील रस्तासुरक्षा यंत्रणा गाड्यांच्या तुलनेसाठी ते वापरते. डाव्या-उजव्या चाकांमधील अंतराचे निम्मे घ्यायचे आणि त्याला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागायचे. केवळ उदाहरणादाखल, चाकांमधील अंतर १५०० मिमी आणि गुरुत्वमध्य ७०० मिमी उंचीवर असेल, तर उत्तर १.०७ येते. टायर आणि किट मिळून गुरुत्वमध्य ७० मिमीने वर गेला, तर ते ०.९७ वर घसरते. प्रत्यक्षात गाडी वळणावर बाहेरच्या बाजूला कलते, टायर दबतात, त्यामुळे उलटण्याची खरी मर्यादा या आकड्याच्याही बरीच खाली असते. मूळ गाडीत जे अंतर सुरक्षेसाठी राखलेले होते, तेच येथे खर्ची पडते. ठेवणीतला हा साठा एरवी दिसत नाही. समोर अचानक गुरे आली, चालकाने स्टिअरिंग झटकले आणि बाजूचे चाक गटाराच्या कडेला अडकले, की त्याची गरज लागते.

यावर तोड म्हणून काही जण बाहेर निघालेल्या रिमा बसवतात, म्हणजे चाकांमधील अंतर वाढते. अंतर वाढते हे खरे. त्याबरोबर चाकाच्या बेअरिंगवरचा भार वाढतो, स्टिअरिंग जड होते, आणि मडगार्डच्या बाहेर आलेले चाक पावसात मागच्या दुचाकीस्वाराच्या तोंडावर चिखल उडवते. वर छतावर कॅरिअर, त्यावर सामान आणि जास्तीचे चाक असे चढवले की वाढवलेले अंतर पुन्हा फुकट जाते.

गाडीबाहेरच्या लोकांचा विचार या चर्चेत क्वचितच होतो. उंच केलेल्या गाडीचे दिवेही उंच होतात. ते खाली नमवून घेतले नाहीत तर साधा बीमदेखील समोरच्याच्या डोळ्यांत जातो. धडक झाली तर उंच गाडीचा बंपर लहान मोटारीच्या बंपरला न भेटता त्याच्या वरून आत शिरतो. लहान मूल बॉनेटसमोर उभे असेल तर ते चालकाला पूर्वीपेक्षा कमी दिसते. दुचाकींनी भरलेल्या आपल्या रस्त्यांवर या गोष्टी किरकोळ म्हणता येणार नाहीत.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ स्पष्ट आहे. नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील आणि उत्पादकाने मुळात दिलेले तपशील यांच्यात तफावत पडेल असा कोणताही बदल मालकाला करता येत नाही. केरळ उच्च न्यायालयाच्या निकालावरील अपिलात सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी हीच बाब अधोरेखित केली. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीने कलम १८२-अ आले. त्यानुसार परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. ‘प्रत्येक बदलामागे’ हे शब्द लक्षात घेण्यासारखे आहेत. बदलाची परवानगी मिळू शकते अशा काही वाटा कायद्यात आहेत. दिव्यांगांसाठी गाडीत करावे लागणारे फेरफार किंवा सीएनजी किट ही त्यांची उदाहरणे. चासी उंच करणे त्यांत बसत नाही. पुढे लावायच्या लोखंडी गार्डांविरुद्ध तर केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कारवाईचे निर्देश दिले होते.

‘दुकानात उघड विकले जाते, मग बेकायदा कसे?’ हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. विक्री आणि वापर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या गाड्या खासगी आवारातील स्पर्धांसाठीच बांधलेल्या असतात, त्यांना ही सामग्री लागतेच. २०१४ पासून गोव्यात ऐन पावसात भरत आलेल्या ‘रेनफॉरेस्ट चॅलेंज’मधील गाड्या पाहिल्या, तर त्यांना विंच, प्रवाशांभोवती लोखंडी पिंजरा आणि शर्यतीचे पट्टे दिसतात. त्या उंचीबरोबर उलटण्याचा धोका गृहीत धरलेला असतो आणि त्याची तजवीजही केलेली असते. त्यांचे टायर पाहून घरच्या गाडीला टायर घेणारा ती तजवीज घेत नाही.

टायरच्या बाबतीत निर्धोक वाट अशी की, कंपनीने त्याच मॉडेलच्या कोणत्याही प्रकाराला जे माप दिले आहे तेच वापरावे. चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत मंजूर मापे आणि हवेचा दाब दिलेला असतो. भार सोसण्याचा आकडाही मूळ टायरपेक्षा कमी नसावा.

विम्याचा मुद्दा याहून बोचरा आहे. पॉलिसी घेताना न कळवलेला बदल अपघातानंतर तपासणीत आढळला, तर नुकसानभरपाई नाकारण्याचे निमित्त विमा कंपनीच्या हाती आयते पडते. अपघातात दुसऱ्या कोणाला इजा झाली असेल तर ‘गाडीत बदल केला होता’ हे वाक्य न्यायालयात मालकाच्या विरुद्धच उभे राहते. उत्पादकाची वॉरंटीही, ज्या भागावर बदलाचा ताण आला त्या भागापुरती, अडचणीत येते.

मग चिखलात जायचेच नाही का?

जरूर जावे, त्यासाठी उंचीपेक्षा स्वस्त साधने आहेत. पहिले साधन फुकट आहे : टायरमधील हवा. डांबरावर ज्या दाबाने टायर चालतो, त्याच दाबाने चिखलात किंवा वाळूत नेला तर तो टणक राहतो आणि रुततो. दाब १८ ते २० पीएसआयपर्यंत उतरवला की टायर पसरतो, जमिनीला टेकणारे रबर लांब होते आणि पकड लक्षणीय वाढते. अट एवढीच, की वेग अगदी कमी ठेवायचा, तीव्र वळणे टाळायची आणि डांबरावर येण्याआधी हवा पुन्हा भरायची. हवा मोजण्याचे मीटर आणि गाडीच्या बॅटरीवर चालणारा लहान पंप यांची किंमत एका मोठ्या टायरच्या तुलनेत नगण्य आहे.

मातीची ओळख हे दुसरे साधन. सत्तरी, सांगे, काणकोण भागांत वरचा तांबडा राडा चार-सहा इंचांचा आणि खाली जांभ्या दगडाचा टणक थर, अशी स्थिती पुष्कळ ठिकाणी असते. अशा जागी अरुंद टायर राडा कापून खालच्या टणक थरापर्यंत पोहोचतो आणि पकडतो. रुंद टायर वरच तरंगत घसरतो. खाजन शेतांकडचा खोल, चिकट गाळ याच्या उलट, आणि तेथे कोणताही टायर फार काळ साथ देत नाही. किनाऱ्याच्या वाळूचा प्रश्न मात्र उद्भवूच नये. किनाऱ्यावर गाडी नेणे हा गुन्हा आहे, आणि मोरजी, आगोंद, गालजीबाग येथील वाळूत समुद्री कासवे अंडी घालतात. अभयारण्याच्या हद्दीत परवानगीशिवाय शिरणेही तसेच.

पाण्याचेही असेच. थारची पाण्यातून जाण्याची क्षमता कंपनीने ६५० मिमी सांगितली आहे, म्हणजे साधारण माणसाच्या मांडीइतके पाणी. किटने इंजिनात हवा जाण्याचे तोंड थोडे वर जाईल. आस पाण्यातच राहणार. डिफरन्शियलला हवा खेळण्यासाठी एक बारीक नळी असते. गरम डिफरन्शियल एकदम गार पाण्यात बुडाले की आतली हवा आकुंचन पावते, आणि नळीचे तोंड पाण्याखाली असेल तर पाणी आत ओढले जाते. तेल दुधी होते आणि दाते झिजू लागतात. कुळ्याहून दूधसागरच्या वाटेवरचे ओहोळ पार करणाऱ्या जीपगाड्यांना ज्या सावधगिरीची सवय झालेली असते, ती हौशी चालकानेही लावून घ्यावी : पाण्यात शिरण्याआधी खोली पाहणे, एकाच संथ वेगाने जाणे, आणि अशा फेऱ्यांनंतर डिफरन्शियलचे तेल तपासणे.

राहता राहिली अडकलेली गाडी. तिच्यासाठी ओढण्याचा मजबूत पट्टा, तो अडकवण्यासाठी चासीवरचा भक्कम हूक, एक फावडे आणि सोबत दुसरी गाडी. एकटी उंच गाडी रुतली तर ती अधिक खोल जागी रुतलेली असते, कारण त्या जागेपर्यंत तिला उंचीनेच नेलेले असते.

ज्यांनी बदल करून घेतला आहे त्यांनी मूळ स्प्रिंगा, रिमा आणि टायर विकून टाकू नयेत. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. नूतनीकरणाच्या वेळी गाडी तपासणीला न्यावी लागते. गाडी विकायची झाली तरी जाणता गिऱ्हाईक मूळ सामान मागतो. तेवढ्या वर्षांत टायर मात्र निकामी झालेले असतील. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे; ‘२३२१’ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. कोठीत झाकून ठेवलेल्या टायरची नक्षी नवी दिसली तरी रबर कडक होत असते, म्हणून जुने टायर पुन्हा चढवण्यापूर्वी हे आकडे वाचावेत.